टेम्प्लेट सगळ्यांचं, बदलायचा हक्क एकाचा

हळदीचा हंगाम सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आडत दुकानांत ढिगाने पट्ट्या बनतात. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि आधी दिलेली उचल वजा, आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. पूर्वी हे छापील पट्टीबुकावर व्हायचं, आता बऱ्याच ठिकाणी एक्सेलवर होतं. आणि एक्सेल आलं की एक ठरलेला घोळ त्याच्या मागून येतो. दिवाणजी कालची पट्टी उघडतात, नाव बदलतात, वजन-भाव बदलतात आणि घाईत सेव्ह दाबतात. कालची पट्टी गेली. त्याहून वाईट म्हणजे सगळं बदललं, पण उचलीचा आकडा कालच्याच शेतकऱ्याचा राहिला. तो आकडा वजा होऊन पट्टी छापली जाते, आणि दुसऱ्या दिवशी माणूस काउंटरवर येऊन विचारतो, "शेठ, मी पंधरा हजार उचललेच कधी?"

यात दिवाणजींचा निष्काळजीपणा शोधण्यात अर्थ नाही. भरलेला कागद पुसून त्यावरच नवा हिशोब लिहायला लावलं तर कोणाच्याही हातून हे होईल. त्यांना कोरा कागद हवा आहे, आणि दुकानात चार-सहा संगणक असतील तर प्रत्येकाला तोच कोरा कागद मिळायला हवा. एक्सेलमध्ये याची सोय आहे आणि तिला टेम्प्लेट म्हणतात. सोय जुनी आहे, फुकट आहे, पण फार कमी ऑफिसांत ती नीट लावलेली दिसते. बहुतेक ठिकाणी 'शेअर'मध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये, एक साधी एक्सेल फाइल ठेवतात, तिला 'कोरी पट्टी फायनल' असं नाव देतात आणि सगळ्यांना बजावतात, "हिच्यात सेव्ह करायचं नाही हं." आठवड्याच्या आत तिच्यात कोणीतरी सेव्ह केलेलं असतं.

आधी फरक समजून घेऊ. एक्सेलची रोजची फाइल एक्सएलएसएक्स या शेपटीची असते, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर ही अक्षरं येतात. टेम्प्लेटची शेपटी एक्सएलटीएक्स. आत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर एक्सएलटीएम. ही नावं एक्सेल 2007 पासूनची. त्याआधी नुसतं एक्सएलटी होतं. शेपटीतल्या एका अक्षराने वागणं पार बदलतं. साध्या फाइलवर डबल क्लिक केलं की तीच फाइल उघडते. टेम्प्लेटवर डबल क्लिक केलं की त्याची एक नवी, अजून कुठेच न साठवलेली प्रत उघडते. टेम्प्लेटचं नाव 'हळदपट्टी' असेल तर वर 'हळदपट्टी1' दिसतं. सेव्ह दाबलं की एक्सेल विचारतं, कोणत्या नावाने, कुठे ठेवू? छापील पट्टीबुकातून पान फाडून घेतल्यासारखं हे आहे, फक्त या पुस्तकातली पानं संपत नाहीत.

दोन संगणकांवरून एकाच वेळी वापरतानाही फरक पडतो. नेटवर्कवरची साधी फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला 'लॉक्ड फॉर एडिटिंग' असा निरोप येतो आणि मग "अहो, तेवढी बंद करा की फाइल" अशी हाकाटी सुरू होते. टेम्प्लेटमधून प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते, त्यामुळे पाच जणांनी एकदम डबल क्लिक केलं तरी कोणी कोणाला अडवत नाही.

आता टेम्प्लेट बनवायचं कसं. खरी मेहनत इथेच आहे. नेटवर्कचं काम त्यामानाने सोपं.

चालू पट्टी उघडा आणि तिच्यातलं शेतकऱ्याचं जे जे आहे ते सगळं काढा. नाव, गाव, मोबाइल, आकडे. सूत्रं राहू द्या. लपवलेल्या शीट आणि लपवलेल्या ओळी उघडून पाहा. गेल्या वर्षीच्या कोणाच्या तरी बँक खात्याचा नंबर तिथे दडलेला असतो आणि टेम्प्लेटमधून तो प्रत्येक नव्या पट्टीबरोबर फिरत राहतो. फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' नावाची तपासणी आहे. ती अशा लपलेल्या गोष्टी दाखवते. फक्त ती सांगेल ते सगळं डोळे मिटून काढून टाकू नका. दर लिहिलेली शीट तुम्हीच मुद्दाम लपवलेली असेल तर तीही जाईल.

मग कुलूप. इथे लोक एका गोष्टीला हमखास फसतात. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच 'लॉक्ड' असतो, पण 'प्रोटेक्ट शीट' केल्याशिवाय त्या लॉकला काही अर्थ नसतो. म्हणून कोणी थेट प्रोटेक्ट करतं आणि मग कुठेच काही लिहिता येत नाही, वैतागून प्रोटेक्शन काढून टाकतं, आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. क्रम उलटा हवा. आधी जिथे दिवाणजींनी भरायचं आहे तेवढेच सेल निवडा, कंट्रोल आणि 1 दाबा, प्रोटेक्शनच्या टॅबमध्ये 'लॉक्ड'वरची खूण काढा. मग रिव्ह्यू मेनूतून 'प्रोटेक्ट शीट'. आता सूत्रांना हात लागत नाही. शिवाय एक फायदा असा की टॅबचं बटण दाबत गेलं तर कर्सर फक्त उघड्या सेलमध्येच उड्या मारतो. नाव, टॅब, गाव, टॅब, पोती, टॅब, वजन. माउसला हात न लावता पट्टी भरून होते. ज्या दिवाणजींना संगणकाचा कंटाळा असतो त्यांना टेम्प्लेट पटतं ते याच एका गोष्टीमुळे, असा माझा अनुभव आहे.

शीटचा पासवर्ड ही तिजोरी समजू नका. तो चुकून लागणाऱ्या हातापासून सूत्रं वाचवण्यापुरता आहे. मुद्दाम तोडणाऱ्याला तो फार वेळ अडवत नाही. पगाराचे आकडे त्याच्या भरवशावर लपवू नका.

डेटा व्हॅलिडेशनही, म्हणजे सेलमध्ये काय चालेल याची अट, लावून घ्या. वजनाचा रकाना क्विंटलमध्ये असताना कोणीतरी किलोत टाकतं. 12.50 च्या जागी 1250 पडलं की रक्कम शंभरपट होते. एका लॉटला तुमच्याकडे जास्तीत जास्त जेवढं वजन येऊ शकतं तेवढी वरची मर्यादा घातली तर एक्सेल तिथेच अडवतं. मात्र दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेला आकडा या पहारेकऱ्याला चुकवून आत शिरतो, हे लक्षात असू द्या.

तारखेच्या सेलचं प्रकरण स्वतंत्र सांगायला हवं. टेम्प्लेट बनवणाऱ्याला मोह होतो की तारीख आपोआप यावी, म्हणून तो तिथे 'टुडे' हे सूत्र घालतो. टेम्प्लेट उघडलं की आजची तारीख हजर. दिसायला सुरेख. पण ते सूत्र भरलेल्या पट्टीतही जिवंतच राहतं. फेब्रुवारीतली पट्टी शेतकऱ्याने मे महिन्यात पुन्हा मागितली, तुम्ही उघडून छापली, की वर मे महिन्यातली तारीख. सौद्याचा भाव फेब्रुवारीतला आणि कागद मेमधला, असा पुरावा तुमच्याच दुकानातून बाहेर पडतो. तारखेचा सेल कोराच ठेवा आणि भरणाऱ्याला शिकवा: कंट्रोल धरून अर्धविराम दाबला की आजची तारीख पडते आणि ती नंतर बदलत नाही. सेल रिकामा राहिला तर तो लाल दिसावा अशी कंडिशनल फॉरमॅटिंगही लावता येते. तेवढी पुरते.

अक्षरांचं पाहू. आपल्याकडे बऱ्याच ऑफिसांत अजून जुने मराठी फॉन्ट चालतात, ज्यांत आत खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा देतो. अशा फॉन्टमधलं टेम्प्लेट ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे उघडलं की 'तासगाव'च्या जागी भलतीच चिन्हं. एका संगणकापुरतं ते खपून जातं, सगळ्यांत वाटायच्या टेम्प्लेटमध्ये नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, त्यात देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठतात. निर्मला यूआय हा फॉन्ट विंडोजबरोबर येतो, त्यामुळे वेगळं काही बसवावं लागत नाही आणि नावाने शोधणं, गावाप्रमाणे लावणं हेही नीट चालतं.

स्वल्पविरामाचंही असंच. एका संगणकावर 1,25,000 दिसतं आणि शेजारच्यावर तीच पट्टी 125,000 दाखवते. टेम्प्लेटचा यात दोष नाही. आकडे कुठे तोडायचे हे एक्सेल त्या त्या संगणकाच्या विंडोजमधल्या रीजन सेटिंगवरून ठरवतं. सगळीकडे 'इंग्लिश (इंडिया)' किंवा मराठी ठेवलं की लाख लाखासारखे दिसतात.

छपाईची मापं, कागदाचा आकार, समास, प्रत्येक पानावर पुन्हा यायची शीर्षकाची ओळ, हे सगळं टेम्प्लेटमध्ये साठवलं जातं. एकदा नीट लावून टाका.

आता साठवायचं. फाइल, सेव्ह ॲज, आणि प्रकारात 'एक्सेल टेम्प्लेट' निवडा. हे निवडताक्षणी एक्सेल तुम्हाला न विचारता फोल्डर बदलतं आणि डॉक्युमेंट्समधल्या 'कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स' या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. "मी तर शेअरमध्येच सेव्ह केलं होतं, गेलं कुठे?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा तिथे सापडतं. म्हणून आधी प्रकार निवडायचा, फोल्डर मागाहून.

नेटवर्कवर ते ठेवायला दोन फोल्डर करा, एक नव्हे. एक 'नमुने', ज्यात फक्त टेम्प्लेटं. दुसरा 'पट्ट्या', ज्यात भरलेल्या फाइली. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवलं की त्याला कुलूप लावता येत नाही, कारण तिथेच सगळ्यांना रोज लिहायचं असतं. भरलेल्या फाइलीचं नाव तारखेपासून सुरू करायला लावा, आधी साल, मग महिना, मग दिवस: '2026-02-11 पाटील तासगाव'. नावानुसार लावलं की त्या आपोआप तारखेनुसार लागतात.

नमुन्यांपर्यंत माणसं पोचणार कशी? सर्वांत साधा मार्ग म्हणजे प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर त्या टेम्प्लेटचा शॉर्टकट. डबल क्लिक, नवी पट्टी हजर. दोन-तीन टेम्प्लेटं असतील तर एवढंच करा आणि कामाला लागा.

दहा-बारा टेम्प्लेटं असतील तर डेस्कटॉप भरून जातो. तिथे एक्सेलची स्वतःची सोय बरी. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या पानावर 'डिफॉल्ट पर्सनल टेम्प्लेट्स लोकेशन' अशी एक रिकामी चौकट असते. तिथे नेटवर्कवरच्या 'नमुने' फोल्डरचा पत्ता टाकायचा. मग फाइल, न्यू केलं की 'पर्सनल' या टॅबखाली ती सगळी टेम्प्लेटं दिसतात, आणि आत उपफोल्डर केले असतील तर तेही. ही सोय एक्सेल 2013 पासून आहे. त्याच पानावर 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन' आहे. तिथे 'पट्ट्या' फोल्डरचा पत्ता टाका. हे दुसरं काम केलं नाही तर टेम्प्लेट सगळ्यांचं एक असलं तरी भरलेल्या पट्ट्या ज्याच्या त्याच्या डॉक्युमेंट्समध्ये विखुरतात, आणि अमुक पट्टी कोणाच्या संगणकावर आहे हे शोधत फिरावं लागतं.

तिसरा मार्ग जरा आडवळणाचा आहे. ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्कग्रुप टेम्प्लेट्स' नावाची खास सामायिक जागा ठरवता येते, पण ती एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये सापडत नाही. ती वर्डमध्ये आहे: ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, अगदी तळाशी 'फाइल लोकेशन्स'. वर्डमध्ये ठरवलेली ही जागा एक्सेलही मानतं. कोणाला सुचणार हे? पण ज्यांना स्वतःची वेगळी टेम्प्लेटं आपल्याच संगणकावर ठेवायची आहेत आणि ऑफिसची सामायिक टेम्प्लेटंही हवी आहेत, त्यांना याचा उपयोग होतो. सात संगणकांच्या दुकानाला मी दुसराच मार्ग सुचवेन.

एका चौकटीपासून मात्र चार हात लांब राहा. ॲडव्हान्स्डमध्ये 'ॲट स्टार्टअप, ओपन ऑल फाइल्स इन' असं लिहिलेलं असतं, आणि नेटवर्कचा पत्ता टाकायची हीच जागा असावी असं वाटतं. तिथे 'पट्ट्या' फोल्डर टाकून पाहिलेलं ऑफिस मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक्सेल सुरू केल्यावर त्या फोल्डरमधली एकूण एक फाइल उघडू लागली. नावातच सांगितलंय म्हणा, 'ओपन ऑल फाइल्स'. एक्सएलस्टार्ट नावाचा फोल्डर असतो त्याचंही वागणं याच जातीचं. त्याचा एक चांगला उपयोग आहे: 'बुक' या नावाचं टेम्प्लेट तिथे ठेवलं की कंट्रोल-एन दाबल्यावर उघडणारी प्रत्येक कोरी फाइल त्याच्यासारखी येते, म्हणजे तुमचा मराठी फॉन्ट, तुमचे समास. पण तो ज्याच्या त्याच्या संगणकावरचा मामला आहे.

आता येतो तो भाग, ज्यावर सगळं टिकून आहे. 'नमुने' फोल्डर सगळ्यांनी वाचावा, लिहावं एकानेच. टेम्प्लेटवर डबल क्लिक करणाऱ्याला प्रत मिळते हे खरं, पण कोणी एक्सेलच्या आतून फाइल, ओपन करून तेच टेम्प्लेट उघडलं, किंवा राइट क्लिक करून 'ओपन' म्हटलं, तर मूळ टेम्प्लेटच उघडतं. बदल करणाऱ्याने याच दाराने जायचं असतं. बाकीच्यांसाठी ते दार बंद हवं.

फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'वर खूण करून हे साधत नाही. ती खूण कोणीही काढू शकतं. परवानग्या फोल्डरवर लावायच्या आणि त्या दोन जागी असतात. 'शेअरिंग' टॅबमधली परवानगी नेटवर्कवरून येणाऱ्यांना लागू होते. 'सिक्युरिटी' टॅबमधली परवानगी सगळ्यांना लागू होते, त्या संगणकावर प्रत्यक्ष बसलेल्यालाही. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी जास्त कडक ती लागते. छोट्या ऑफिसात हे महत्त्वाचं का, तर आपल्याकडे वेगळा सर्व्हर नसतो. ज्या संगणकावर फोल्डर शेअर केलाय तो बहुतेक वेळा काउंटरवरचाच असतो आणि त्यावर दिवसभर कोणीतरी काम करत असतं. तुम्ही फक्त शेअरिंगमध्ये 'रीड' ठेवलं तर बाकी सहा जण अडतात, पण नेमका काउंटरवरचा माणूस मोकळा राहतो. म्हणून 'सिक्युरिटी'तही सगळ्यांना रीड आणि एका खात्याला 'मॉडिफाय'. आणि काउंटरवरच्या माणसाचं रोजचं लॉगिन ॲडमिनिस्ट्रेटरचं नसावं, नाहीतर त्याने मनात आणलं तर या परवानग्या तोच बदलू शकतो.

ते एक खातं कोणाचं, हा संगणकाचा प्रश्न नाही. काही दुकानांत ते थोरल्या दिवाणजींकडे असतं, काही ठिकाणी शेठच्या मुलीकडे, काही ठिकाणी बाहेरून येणाऱ्या करसल्लागाराच्या सहायकाकडे. कोणीही चालेल, फक्त रजेच्या दिवसांसाठी दुसरं नाव ठरलेलं असावं. सगळ्यांना परवानगी दिली तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा एकेक रकाना वाढवत जातो आणि महिनाभरात पट्टीला धड ना शेंडा ना बुडखा अशी गत होते.

पासवर्डविना शेअरिंग चालवायची आपल्याकडे जुनी सवय आहे: पासवर्डचं शेअरिंग बंद करून टाका, कटकट नको. विंडोज 11 प्रोच्या 24एच2 आवृत्तीपासून असं पाहुणा म्हणून शिरण्याला विंडोज स्वतःच आडकाठी घालतं, आणि "काल चालत होतं, अपडेट झालं आणि बंद पडलं" ही तक्रार त्यातून येते. उलटे मार्ग शोधून पुन्हा दार सताड उघडण्यापेक्षा फोल्डर असलेल्या संगणकावर एक खातं करा, पासवर्ड द्या, त्याला रीड द्या आणि बाकी संगणकांत तो पासवर्ड एकदा साठवून ठेवा.

पत्त्याबद्दलही थोडं. नेटवर्कवरच्या फोल्डरला एका संगणकावर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असतं, दुसऱ्यावर वाय, तिसऱ्यावर जोडलेलंच नसतं. म्हणून ऑप्शन्समध्ये पत्ता टाकताना ड्राइव्हचं अक्षर नको. दोन उलट्या तिरप्या रेघा, संगणकाचं नाव, पुन्हा एक रेघ, फोल्डरचं नाव, असा पूर्ण पत्ता टाका. तो सगळ्यांकडे सारखाच असतो. संगणकाच्या नावाऐवजी आयपी क्रमांक टाकायचा मोह होतो, पण राउटर बंद-चालू झाला की तो क्रमांक बदलू शकतो. लाइट गेल्यावर राउटर पहिला बंद पडतो, हे वेगळं सांगायला नको. आयपीच्या पत्त्याचा आणखी एक तोटा आहे: तशा मार्गाने उघडलेल्या फाइलीला ऑफिस इंटरनेटवरून आलेली समजू शकतं, आणि आत मॅक्रो असतील तर ते अडवतं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मूळ सेटिंगमध्येच बंद ठेवायला मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये सुरुवात केली. माझं ऐकाल तर टेम्प्लेटमध्ये मॅक्रो घालूच नका. रक्कम अक्षरी लिहिण्यासाठी लोक हटकून मॅक्रो घालतात. तेवढ्यासाठी सगळ्या संगणकांवर 'ट्रस्टेड लोकेशन', म्हणजे ऑफिसने विश्वास ठेवायची जागा, ठरवत बसण्यापेक्षा अक्षरी रक्कम हाताने लिहिलेली परवडली.

फोल्डर असलेला संगणक झोपी जाऊ देऊ नका. पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' बंद करा. जेवायला गेल्यावर तो झोपतो आणि बाकी सहा जणांचं 'पर्सनल' पान रिकामं होतं किंवा एक्सेल नुसतं वाट पाहत बसतं. साध्या विंडोजवर, म्हणजे सर्व्हर नसलेल्या, एका वेळी 20 जोडण्यांची मर्यादा असते. दुकानाला ती पुरून उरते, कॉलेजला किंवा कारखान्याला नाही.

आता टेम्प्लेट बदलायची वेळ येते तेव्हा काय होतं ते पाहा, कारण त्याचसाठी एवढा खटाटोप. सांगली-तासगाव भागात द्राक्षबागांमुळे ठिबकची दुकानं पुष्कळ. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबक सिंचनाच्या साहित्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ज्या दुकानात बिलाची फाइल पाच संगणकांवर पाच ठिकाणी होती तिथे पाच ठिकाणी बदल करायचा होता, आणि एखादा संगणक सुटला तर त्यावरून 12 टक्क्यांचं बिल बाहेर पडणार. टेम्प्लेट एकाच जागी असेल तर एका माणसाने एकदा राइट क्लिक, ओपन, दर बदल, सेव्ह. त्यानंतर उघडलेलं प्रत्येक बिल नव्या दराचं.

यावर एक शंका लोक हमखास काढतात: मग आधीच्या बिलांचं काय, तीही बदलली का? नाही. टेम्प्लेटमधून प्रत निघाली की दोघांचं नातं तिथेच तुटतं. टेम्प्लेटमध्ये नंतर काहीही करा, जुन्या प्रतींना त्याचा पत्ता नसतो. काहींना ही उणीव वाटते. मला ती या सोयीतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ऑगस्टमधल्या बिलावर ऑगस्टचाच दर राहिला पाहिजे. याच कारणासाठी दरांची एक वेगळी फाइल नेटवर्कवर ठेवून टेम्प्लेटमधून तिच्याशी लिंक जोडायची हुशारी करू नका. जुनं बिल उघडलं की एक्सेल 'लिंक अपडेट करू का' विचारतं, कोणीतरी हो म्हणतं, आणि जुन्या बिलावर नवा दर चढतो. दर टेम्प्लेटच्याच एका शीटवर ठेवा, शेजारी 'केव्हापासून लागू' ही तारीख लिहा.

आणि प्रत्येक टेम्प्लेटच्या कोपऱ्यात, छापल्यावर दिसेल अशा जागी, आवृत्ती लिहा: 'आवृत्ती 4, 22-9-2025'. हा सेल लॉक. फाइलच्या नावात आवृत्ती नको, नाहीतर प्रत्येक बदलाला सगळ्यांचे शॉर्टकट मोडतात. नाव तेच, आवृत्ती आत. कोणी चुकीच्या रकमेचा कागद घेऊन आलं की कोपऱ्यात पाहायचं. 'आवृत्ती 3' दिसली की कळतं, कोणीतरी टेम्प्लेटची प्रत स्वतःच्या डेस्कटॉपवर करून ठेवली आहे आणि अजून तीच चालवतंय. असं करणारा एक तरी असतोच. नेटवर्क बंद पडलं तर अडायला नको म्हणून तो बिचारा करतो, आणि त्याची भीती खोटी नसते. मग ती प्रत त्याने करण्याऐवजी तुम्हीच करा: विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, ती रोज सकाळी 'नमुने' फोल्डर प्रत्येक संगणकावर उतरवून ठेवू शकते. लाइट गेली, राउटर गेला, तरी आज सकाळपर्यंतचं टेम्प्लेट हाताशी असतं. फक्त ज्या फोल्डरमध्ये उतरवायचं त्यात दुसरं काही ठेवू नका. रोबोकॉपी हुबेहूब प्रतीच्या पद्धतीत चालवली तर मुळात नसलेलं सगळं ती पुसून टाकते.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांनाही हेच सगळं लागू आहे. ते फुकट आहे आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. तिथे टेम्प्लेटची शेपटी ओटीएस, आणि नेटवर्कचा पत्ता टूल्स, ऑप्शन्समधल्या 'पाथ्स'मध्ये टेम्प्लेट्सच्या ओळीत जोडायचा. एकाच ऑफिसात काही संगणकांवर एक्सेल आणि काहींवर लिबरऑफिस असेल तर टेम्प्लेट शक्य तितकं साधं ठेवा आणि दोन्हीकडे छापून पाहा.

गूगल शीट्सवर असाल तर नेटवर्कची भानगडच नाही, पण घोळ तोच होतो: लिंक पाठवली, आणि सगळे एकाच कोऱ्या फॉर्ममध्ये एकमेकांच्या डोक्यावर लिहू लागले. तिथे लिंकच्या शेवटी 'एडिट'पासून पुढचं पुसून 'कॉपी' हा इंग्रजी शब्द लिहायचा आणि ती लिंक वाटायची. उघडणाऱ्याला आधीच विचारलं जातं, प्रत करू का? शेअरिंगमध्ये बाकीच्यांना 'व्ह्यूअर' ठेवा.

राहिला बॅकअप. 'नमुने' आणि 'पट्ट्या' या दोन फोल्डरांची एक प्रत दुकानाबाहेर हवी, आणि सांगलीत हे कोणाला पटवून द्यावं लागू नये. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांतले संगणक टेबलासकट बुडाले. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. पेन ड्राइव्हवरची प्रत त्याच टेबलाच्या खणात असेल तर ती प्रत धरू नका. आठवड्यातून एकदा घरी नेलेली हार्ड डिस्क किंवा गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्हवर चढवलेला फोल्डर, काहीही चालेल. टेम्प्लेटं मिळून काही एमबीही भरत नाहीत, त्यामुळे ती स्वतःला मेल करून ठेवली तरी पुरे. पट्ट्यांना मात्र खरीखुरी जागा लागते. आणि ती प्रत कोणाकडे आहे, खात्याचा पासवर्ड कोणाला माहीत आहे, हे शेठच्या वहीत शाईने लिहून ठेवा.